स्थिर वाटणारी होडी उलटते तेव्हा…

बाजूबाजूला दोन निमुळत्या होड्या, त्यांच्यामध्ये ताणून बांधलेले जाड कापड आणि वर उंच डोलकाठीला लावलेले रंगीत शीड. किनाऱ्यावर अशी कॅटमरान पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही वाटते, की ही काही उलटायची नाही. साध्या होडीत एका कडेला पाय ठेवला की ती लगेच कलते. या बोटीवर मात्र दोन माणसे एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेली तरी ती जेमतेम हलते.

हा समज खोटा नाही, पण अर्धा आहे. छोटी कॅटमरान एका मर्यादेपर्यंत अतिशय स्थिर असते. ती मर्यादा ओलांडली गेली की काही सेकंदांत उलटते आणि उलटी झाल्यावर त्या अवस्थेतही तितकीच स्थिर राहते. या तीन गोष्टी एकाच घडणीतून येतात. हौसेने शिडाची बोट चालवू पाहणाऱ्याने, किंवा मुलांना अशा शिबिराला पाठवणाऱ्या पालकांनी, त्या समजून घ्यायला हव्यात. कारण या खेळातली बरीचशी सुरक्षितता बोट पाण्यात जाण्यापूर्वी, वाळूवर उभे राहून साधायची असते.

नाव तमिळ, घडण वेगळी

‘कॅटमरान’ हा शब्द आपल्याच दक्षिणेतून जगभर गेला. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. ओंडके एकमेकांना बांधून केलेला मच्छीमारांचा तराफा म्हणजे ‘कट्टुमरम्’. गंमत अशी, की या तराफ्याला दोन वेगळे सांगाडे नसतात. दोन होड्या आडव्या दांड्यांनी जोडण्याची रीत पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन दर्यावर्दींची. युरोपीय खलाशांनी नाव एकीकडून आणि वस्तू दुसरीकडून उचलली, आणि तेच नाव रूढ झाले. कोकणातल्या होडीला बाजूला लाकडी उलांडी लावतात, तिच्यामागचे तत्त्वही या घडणीच्या जवळचेच आहे. आधार मधल्या रेषेपासून जितका दूर, तितकी होडी कलायला अवघड.

आधुनिक काळात ही बोट सामान्य हौशी माणसापर्यंत आणण्याचे मोठे श्रेय कॅलिफोर्नियातले हॉबी आल्टर यांना जाते. लाटांवर घसरण्याच्या सर्फबोर्ड बनवणाऱ्या या माणसाने १९६८ मध्ये ‘हॉबी १४’ ही छोटी कॅटमरान बाजारात आणली आणि तिच्यामागोमाग दोघांसाठीची ‘हॉबी १६’. वाळूवरून ढकलत नेऊन थेट लाटांत घालता यावी, अशी तिची रचना होती. पाण्याखाली खोल जाणारी फळी तिला नाही. बोट वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तिच्या सांगाड्यांचाच आकार दोन्ही बाजूंनी असमान ठेवला आहे: बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर. आजवर एक लाखाहून अधिक हॉबी १६ बनल्या. पुढचे विवेचन याच बोटीला धरून आहे, कारण तिला लागू होणारे बहुतेक नियम या आकाराच्या इतर कॅटमरानलाही लागू होतात.

वाऱ्याचे गणित

हॉबी १६ सुमारे ५.०५ मीटर लांब आणि २.४१ मीटर रुंद असते. रिकाम्या बोटीचे वजन १४५ किलोच्या आसपास, डोलकाठी ८ मीटरहून थोडी उंच आणि दोन्ही शिडे मिळून क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मीटर. एवढ्या हलक्या बोटीवर एवढे मोठे शीड, हीच तिच्या वेगाची गुरुकिल्ली आणि तिच्या धोक्याचेही मूळ.

बोटीच्या प्रत्येक सांगाड्याला नाविक ‘हल’ म्हणतात. वारा शिडाला ढकलतो तेव्हा वाऱ्याच्या बाजूचा हल वर उचलला जाऊ लागतो आणि सगळा भार पलीकडच्या हलवर येतो. हा पलीकडचा हल म्हणजे तराजूचा टेकू मानला तर हिशेब सोपा होतो. बोटीचे स्वतःचे वजन टेकूपासून साधारण १ मीटरवर असते. म्हणजे १४५ किलो गुणिले १ मीटर, सुमारे १५०. प्रत्येकी ६५ किलोचे दोन चालक वाऱ्याच्या बाजूच्या कडेवर, टेकूपासून २ मीटरवर बसले, तर त्यांचे होतात २६०. एकूण ४१० एवढे बळ बोटीला सावरून धरते.

आता दुसरे पारडे. ताशी २५ किलोमीटरचा वारा २० चौरस मीटर शिडावर ढोबळ मानाने ६० किलोचा जोर लावतो. हा जोर पाण्यापासून सुमारे ४ मीटर उंचीवर लागत असल्याने उलटवणारे बळ होते २४०. बोट आरामात सावरते. वारा ताशी ३६ किलोमीटर झाला तर? वेग दीडपटही झालेला नाही, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो दुपटीच्या वर, म्हणजे १२० किलोच्या पुढे जातो आणि उलटवणारे बळ ४८० च्या वर. ४१० चे पारडे हलके पडले. अशा वेळी चालक डोलकाठीवरून येणाऱ्या तारेला कमरेच्या पट्ट्याने अडकून पूर्ण शरीर बोटीबाहेर काढतात. या तारेला ट्रॅपीझ म्हणतात. दोघेही बाहेर गेले की आणखी १३० ची भर पडते. तेही पुरेसे नसेल तर शीड सैल सोडून वारा सांडून द्यावा लागतो.

खरा मुद्दा यापुढचा आहे. तळाला जड वजन असलेली मोठी शिडाची नौका ढकलली तरी उभी राहणाऱ्या बाहुलीसारखी वागते. ती जितकी कलते, तितके तिला सावरणारे बळ बऱ्याच मोठ्या कोनापर्यंत वाढत जाते. कॅटमरानचे उलट असते. हल पाण्याबाहेर नुकता उचलला गेला, त्याच क्षणी तिचे सावरणारे बळ सर्वाधिक असते. तिथून पुढे ते घटतच जाते. शिवाय मधले ताणलेले कापड, ज्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात, ते खालून वाऱ्याच्या तोंडी येते आणि बोट आणखी उचलली जाते. म्हणूनच ‘आता कलतेय, बघू पुढे’ म्हणायला इथे अवधी नसतो. निर्णय हल उचलला जातानाच घ्यावा लागतो.

आधी वर बघा

बोट जोडण्याची सुरुवात डोलकाठीपासून होते आणि पहिली सूचना साधी आहे: वर बघा. अ‍ॅल्युमिनिअमची काठी, ओले हात आणि वरून जाणारी वीजवाहिनी यांच्या गाठीने अमेरिकेत शिडाच्या बोटी हाताळणाऱ्यांचे जीव गेले आहेत. त्यानंतर हॉबी कंपनीने डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या तंतुमिश्र पदार्थाचा बनवायला सुरुवात केली. पण त्याने धोका कमी होतो, संपत नाही. काठीचा खालचा भाग आणि तिला बांधलेल्या तारा धातूच्याच राहतात.

आपल्याकडे रस्ता ओलांडणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारेची जमिनीपासूनची किमान उंची साधारण ६ मीटर असते. चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या बोटीवर उभ्या केलेल्या डोलकाठीचे टोक ९ मीटरच्या आसपास जाते. एवढ्या दाबाची वीज प्रत्यक्ष स्पर्श होण्यापूर्वीच हवेतून झेप घेऊ शकते. त्यामुळे काठी उभी करण्याची जागा आणि तिथून पाण्यापर्यंतची वाट, दोन्ही वरच्या तारांपासून मोकळ्या आहेत हे आधी चालत जाऊन पाहावे. खाडीत फिरायचे असेल तर पाण्यावरून जाणाऱ्या वाहिन्या आणि पूलही लक्षात ठेवावेत. दुर्दैवाने काठी तारेला चिकटलीच, तर बोटीला किंवा तिला धरलेल्या माणसाला हात लावू नये. इतरांना दूर ठेवून वीजपुरवठा बंद करवून घेणे हीच पहिली मदत.

काठी उभी करणे हे एकट्याचे काम नाही. बोट सपाट जागी, नाळ वाऱ्याकडे करून ठेवतात. काठी मागच्या बाजूला आडवी असते. तिचा बुंधा पुढच्या आडव्या दांडीवरच्या बैठकीत बसवून तिथली खीळ अडकवतात, म्हणजे उचलताना तो निसटत नाही. बाजूच्या दोन तारा आधीच दोन्ही हलना जोडून घेतात. मग एकजण ट्रॅम्पोलिनवर उभा राहून काठी खांद्यावर घेत पुढे चालतो आणि दुसरा समोरून दोर ओढतो. पुढची तार जोडून तिची खीळ व कडी बसेपर्यंत कोणीही हात सोडायचा नाही. या वेळी काठीच्या संभाव्य पडण्याच्या रेषेत, विशेषतः मागे, मुले उभी नाहीत ना, हे कोणीतरी पाहत राहावे.

तीन तारा आणि एक कडी

डोलकाठी पुढची एक आणि बाजूच्या दोन अशा तीन तारांवर उभी असते. प्रत्येक तार एका खिळीने अडकवलेली असते आणि ती खीळ निसटू नये म्हणून तिच्या भोकात नाण्याएवढी वळणदार कडी असते. यातली एक कडी सुटली की खीळ सरकते, खीळ सरकली की तार सुटते आणि ८ मीटरची काठी डोक्यावर येते. त्यामुळे प्रत्येक कडी पूर्ण फिरून आत बसली आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटांनीही तपासायचे. अनेकजण कडीवर चिकटपट्टी गुंडाळतात, म्हणजे दोर अडकून ती उघडत नाही.

तारा ‘न गंजणाऱ्या’ पोलादाच्या असतात, म्हणून निर्धास्त राहू नये. या पोलादाला क्रोमिअमच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर वाचवत असतो. तो थर टिकायला प्राणवायू लागतो. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीत खारे पाणी साचून राहिले की तिथला प्राणवायू संपतो, थर पुन्हा तयार होत नाही आणि तार आतून गंजू लागते. बाहेरून ती चकचकीतच दिसते. त्यात प्रत्येक लाटेबरोबर ताण वाढतो-कमी होतो आणि धातू थकतो. टोपीच्या तोंडाशी एकही सुटा तंतू वर आलेला दिसला तर ती तार बदलायची, ‘आजचा दिवस निघेल’ म्हणायचे नाही. प्रत्येक फेरीनंतर बोट आणि तारा गोड्या पाण्याने धुण्यामागेही हेच कारण आहे.

यानंतरची तपासणी छोटी, पण टाळता न येणारी आहे. दोन्ही हलच्या मागच्या टोकाला पाणी काढून टाकण्याची भोके असतात. त्यांची बुचे घट्ट बसली आहेत का? विसरलेल्या बुचातून हल हळूहळू भरतो आणि बोट एका बाजूने जड का झाली हे किनाऱ्यापासून दूर गेल्यावर कळते. सुकाणूची दोन्ही पाती खाली करून अडकतात का? ट्रॅम्पोलिनची शिवण आणि दोर घट्ट आहेत का? ट्रॅपीझची तार आणि कमरेच्या पट्ट्याचा आकडा ठीक आहे का? आणि बोट उलटल्यावर ती सरळ करण्यासाठी लागणारा जाड दोर जागेवर बांधलेला आहे का? हा दोर नसेल तर बोट पाण्यात घालूच नये.

शिडे सर्वांत शेवटी चढवायची, नाळ वाऱ्याकडे असतानाच आणि दोर पूर्ण सैल ठेवून. इथे एका शब्दाचा घोळ टाळायला हवा. नाविकांच्या भाषेत ‘शीट’ म्हणजे शीड नव्हे, तर शीड आत ओढण्याचा किंवा सैल सोडण्याचा दोर. मोठ्या शिडाची शीट हा या बोटीचा खरा ब्रेक. तो दोर दातेरी पकडीत अडकवून ठेवण्याचा मोह होतो, कारण हात दुखतो. पण वाऱ्याचा झोत आला तर दोर सोडायला एखाद-दुसरा सेकंदच मिळतो. नवशिक्याने तो हातातच ठेवावा.

मतलई की खारे?

शाळेच्या भूगोलात वाचलेले मतलई आणि खारे वारे इथे जीवनमरणाचा विषय होतात. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दिवस वर आला की जमीन तापते आणि दुपारी वारा समुद्राकडून आत येतो. तो खारा. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांत हे चक्र बऱ्याच अंशी नेमाने चालते.

नवशिक्याला सकाळचा समुद्र सुरक्षित वाटतो, कारण किनाऱ्यालगत लाटा नसतात. पण ती शांतता जमिनीच्या आडोशाची असते. पुढे गेल्यावर वारा वाढतो आणि तो बोटीला किनाऱ्यापासून दूर ढकलत असतो. एखादा दोर तुटला, सुकाणू निखळले किंवा बोट उलटली, तर ती खुल्या समुद्राकडे वाहत जाते. खाऱ्या वाऱ्यात बिघाड झाला तर बोट निदान किनाऱ्याकडे येते. मात्र हा वारा दुपारी चढत जातो, म्हणून जाताना सोपे वाटलेले परतताना अवघड होऊ शकते. शिकणाऱ्यांनी ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यातच थांबावे. पाण्यावर सगळीकडे पांढरे फेसाळ शेंडे दिसू लागले म्हणजे वारा त्यापुढे गेला, ही साधी खूण. जून ते सप्टेंबरच्या खवळलेल्या समुद्रात या बोटींना जागाच नाही.

नाळ पाण्यात घुसते

कॅटमरान केवळ बाजूला कलूनच उलटते असे नाही. वारा बाजूने किंवा मागून घेऊन ती वेगात असताना एक वेगळाच अपघात होतो. शिडाचा जोर उंचावर लागत असल्याने तो बोटीला पुढे ढकलतो, तसेच तिचे नाकही खाली दाबतो. पलीकडच्या हलची निमुळती नाळ एकदा पाण्याखाली गेली की ब्रेक लागल्यासारखी बोट अडते, मागचा भाग वर उचलला जातो आणि बोट कोलांटी घेते. ट्रॅपीझवर लटकलेला माणूस अशा वेळी झोपाळ्यासारखा पुढे फेकला जाऊन तारांवर किंवा डोलकाठीवर आपटू शकतो. हॉबी १६ या कोलांटीसाठी प्रसिद्धच आहे.

उपाय आधी करायचा असतो. वेग वाढला की दोघांनी वजन मागे न्यायचे, नाळेवर नजर ठेवायची आणि ती दबू लागताच शिडांचे दोर सैल करायचे. सुकाणूचा नियमही दिशेनुसार बदलतो. वाऱ्याकडे तोंड करून वर चढत असताना झोत आला तर बोट आणखी वाऱ्याकडे वळवली की शिडातला जोर जातो. वारा तिरका मागून येत असताना मात्र तसे वळवले तर जोर उलट वाढतो आणि बोट उलटते. तिथे ती वाऱ्याबरोबर खाली वळवायची. एकच हालचाल एका दिशेला वाचवते आणि दुसऱ्या दिशेला बुडवते, म्हणून वारा कुठून येतोय याचे भान एक क्षणही सुटता कामा नये. शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना त्याच्या खालची आडवी दांडी डोक्याच्या उंचीवरून झपाट्याने फिरते. हेल्मेट शिकाऊंनी तरी घालावेच.

उलटल्यावर

शिकणारा प्रत्येकजण कधी ना कधी उलटतोच. त्यात लाज नाही. पहिला नियम: बोट सोडायची नाही. आडवी पडलेली कॅटमरान रिकामी असली की तिचे ट्रॅम्पोलिन शिडासारखे उभे राहते आणि वारा तिला इतक्या वेगाने नेतो, की चांगला पोहणाराही मागे पडतो. पडताना हातात एखादा दोर राहील असे पाहावे आणि लगेच जोडीदाराला हाक मारून तो ट्रॅम्पोलिनखाली किंवा शिडाखाली अडकलेला नाही याची खात्री करावी. ट्रॅपीझचा आकडा अडकला तर दोर कापता यावा म्हणून बोथट टोकाची छोटी सुरी जवळ हवी.

मग घाई करायची ती एकाच गोष्टीची: डोलकाठी पाण्याखाली जाऊ न देण्याची. बोट आडवी असते तोवर ती सरळ करणे तुलनेने सोपे असते. काठी सरळ खाली गेली की बोट पूर्ण पालथी होते आणि सुरुवातीला सांगितलेली दुसरी स्थिरता आडवी येते. म्हणून शिकाऊ बोटींच्या काठीच्या टोकाला तरंगणारा फुगीर गोळा लावतात.

सरळ करण्याचा क्रम असा. आधी शिडांचे सगळे दोर सैल सोडायचे, नाहीतर बोट उभी होताच पुन्हा पळत सुटते. दोघांनी खालच्या हलच्या नाळेकडे सरकायचे. तिथे वजन आल्याने पुढचे टोक पाण्यात रुतते आणि बोट हळूहळू वाऱ्याकडे तोंड करते. मग वरच्या हलवरून टाकलेला जाड दोर धरून, खालच्या हलवर पाय रोवून, दोघांनी पाठ पाण्याकडे झोकून लटकायचे. हाताच्या ताकदीपेक्षा शरीराचे वजन इथे कामाला येते. काठी पाण्याबाहेर आली की वारा शिडाखाली शिरून मदत करतो आणि बोट शेवटी वेगाने खाली येते. येणाऱ्या हलखाली डोके सापडू नये म्हणून सावध राहून लगेच पुढची आडवी दांडी पकडायची. हलक्या वजनाच्या एकट्या माणसाला किंवा दोन लहान मुलांना ही बोट बहुधा सरळ करता येत नाही. त्यांच्यासोबत मदतीची मोटरबोट असलीच पाहिजे.

पाण्यातले शरीर

पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. थंड देशांत, पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असते तिथे, पडल्याबरोबर माणूस धापा टाकू लागतो आणि त्या पहिल्या श्वासातच पाणी आत जाऊ शकते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी यासाठी ‘१-१०-१’ हे सूत्र रूढ केले: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय उपयोगी हालवता येतील अशी १० मिनिटे आणि उष्णता गमावून शुद्ध हरपायला साधारण १ तास. आपल्या किनाऱ्यावरचे पाणी तेवढे थंड नसते, पण तेही शरीराच्या ३७ अंशांपेक्षा थंडच. दोन-तीन तास त्यात राहिलेला, वाऱ्यात भिजलेला माणूस कुडकुडतो, त्याची बोटे आखडतात आणि दोर धरवत नाही. इकडे उन्हाचा ताप आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी थकवा त्याहून आधी येतो. निघण्यापूर्वी पाणी पिणे, अंगभर कपडे, आणि मद्यापासून पूर्ण दूर राहणे, हा त्यावरचा उपाय.

जॅकेटांमध्येही फरक असतो. ५० न्यूटन उचल देणारे जॅकेट पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी असते. ते शुद्ध हरपलेल्याचे तोंड पाण्यावर ठेवेलच असे नाही. न पोहणाऱ्याने किमान १०० न्यूटनचे, कॉलर असलेले जॅकेट घ्यावे. वजनानुसार माप आणि मांड्यांमधला पट्टा तपासावा. बुडणारा माणूस अनेकदा ओरडत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत आवाज फुटतच नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने हाकेची वाट न पाहता नजर ठेवायची. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर नुसते छाती दाबणे पुरेसे नाही. बुडण्यात मूळ अडचण प्राणवायूची असल्याने तोंडाने श्वास देणेही तितकेच आवश्यक असते. मदतीसाठी ११२, आणि समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक जलरोधक पिशवीतल्या फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा. वायरलेस संच असेल तर संकटाची हाक १६ क्रमांकाच्या वाहिनीवर द्यायची.

पैसे भरण्यापूर्वी

सुटीत कुठे अशी बोट चालवायला किंवा शिकायला जाणार असाल, तर शुल्काआधी चार प्रश्न विचारावेत. आज वारा कुठल्या दिशेचा आहे आणि दुपारी किती वाढेल? मदतीची मोटरबोट पाण्यावर तयार आहे का, आणि ती कोण चालवते? बोटीच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या? आणि पहिल्याच दिवशी, उथळ नसलेल्या शांत पाण्यात, बोट मुद्दाम उलटवून सरळ करायला शिकवणार का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याने शिक्षकाच्या देखत दोनदा बोट उलटवून सरळ केली आहे, तो तिसऱ्या वेळी, खऱ्या अपघातात, घाबरत नाही आणि बोट सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटत नाही. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी वैतागणार नाही. तो हातातले काम बाजूला ठेवून तुम्हाला बोटीपाशी नेईल आणि तारांची टोके, कड्या, बुचे एकेक करून दाखवेल. तसे झाले नाही, तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसून समुद्र बघावा.